बीडहून द्राक्षांच्या मुलुखात

द्राक्षमद्याच्या मुलुखाची दोन-तीन दिवसांची सहल आखावयाची, तर सहसा नाशिकपासून आरंभ होतो. आम्ही मात्र बीडहून दौलताबादमार्गे नाशिकला जाणारी वाट सुचवितो. कारण दख्खनच्या द्राक्षवेलीचा जुना इतिहास या वाटेवर भेटतो. दौलताबादेस द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद प्रवासी इब्न बतूता याने चौदाव्या शतकातच केली आहे. नाशिकच्या द्राक्षमद्याला शासकीय धोरणाचे बळ मिळाले ते २००१ साली!

हंगाम निवडताना मात्र पेच पडतो. बालाघाटाच्या डोंगरांतील सीताफळ पावसाळा सरता सरता पिकते. मद्याची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये खुडली जातात. नेमकी त्याच वेळी बीडची कित्येक गावे ओस असतात. कर्ती माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात गेलेली असतात. मागे उरतात वृद्ध आणि काही लेकरे. या वाटेने जाणाऱ्याने ज्वारीची भाकरी व द्राक्षारस यांची चव अवश्य घ्यावी. पण कुलूप लागलेल्या त्या घरांपाशीही क्षणभर थांबावे. तीही या भूमीच्या इतिहासाचीच पाने आहेत.