देवमाता की ख्रिस्तमाता? एका शब्दाच्या वादाचा इतिहास

सायंकाळच्या वेळी वसईतील किंवा गोव्यातील एखाद्या कॅथॉलिक घरावरून आपण गेलो, तर आतून जपमाळेचा आवाज कानी पडतो. त्या प्रार्थनेत मरीयेला 'देवाची माता' म्हणून पन्नासांहून अधिक वेळा हाक मारली जाते. आपल्याला त्यात नवल वाटत नाही. देवकीची आणि कौसल्येची कथा ऐकत जो वाढला, त्याला देवाला आई असणे खटकत नाही. परंतु मरीयेला हे नाव द्यावे की नाही, एवढ्या एका प्रश्नावरून इ. स. ४३१ मध्ये ख्रिस्ती जगाची दोन शकले झाली, आणि ती सांधण्यासाठी पहिले भरीव पाऊल पडायला पंधराशेहून अधिक वर्षे लागली. हा निव्वळ शब्दच्छल होता, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. दोन्ही पक्षांना काही खरे सांगावयाचे होते. ते परस्परांना ऐकू येण्यापूर्वीच निकाल लागला, हे या प्रकरणातील खरे दुर्दैव होय.

वादाचा शब्द ग्रीक आहे : 'थिओटोकॉस', म्हणजे 'जिने देवाला जन्म दिला ती'. चौथ्या शतकात तो लोकांच्या तोंडी रुळला होता. ४२८ मध्ये नेस्टोरियस नावाचा संन्यासी अँटिऑकहून कॉन्स्टंटिनोपल या राजधानीत मुख्य धर्माध्यक्ष म्हणून आला. तो उत्तम वक्ता होता, पण स्वभावाने उतावळा. पाखंड्यांपासून मुक्त केलेली भूमी मला द्या, मी तुम्हांला स्वर्ग देईन, असे त्याने पहिल्याच प्रवचनात सम्राट दुसऱ्या थिओडोसियसला सांगितले म्हणतात. पुढे स्वतः नेस्टोरियसच पाखंडी ठरला! त्याच्यासोबत आलेल्या अनास्टेसियस या धर्मगुरूने एके दिवशी सांगितले की, मरीया मनुष्य होती आणि मनुष्याच्या पोटी देव जन्मत नाही. सबब तिला 'थिओटोकॉस' म्हणू नये. श्रोते खवळले. नेस्टोरियसने आपल्या माणसाची बाजू घेतली आणि 'ख्रिस्टोटोकॉस', म्हणजे ख्रिस्ताची माता, असा मधला शब्द सुचविला.

येथे आपण एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. वाद मरीयेच्या नावाचा दिसत असला, तरी प्रश्न ख्रिस्ताचा होता. ३२५ च्या निकाया येथील धर्मसभेने पुत्र हा पित्याइतकाच पूर्ण देव आहे, असे ठरविले होते. मग जो पाळण्यात रडला, ज्याला भूक लागली आणि जो क्रुसावर मेला, तो कोण? नेस्टोरियसची शंका अशी की, देव जन्मला आणि मेला असे सरळ म्हटले, तर अविनाशी देव विकारी ठरतो आणि ख्रिस्ताचे मनुष्यपण नावापुरते उरते. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला आपण देव म्हणू शकत नाही, असे तो बोलल्याची नोंद आहे. याउलट अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष सिरिल म्हणे की, मरीयेच्या उदरी आलेला जर स्वतः देव नसेल, तर देवाने मनुष्याचे दुःख स्वतः भोगलेच नाही. मग तारण कसले? मातेच्या पोटी नुसता देह वाढतो, तरी आपण तिला देहाची आई म्हणत नाही. साऱ्या माणसाची आई म्हणतो. सिरिलचा हा दाखला कोणत्याही आईला पटेल असाच आहे.

दोन्ही विचार तोलामोलाचे होते. पण त्यांच्या मागे दोन नगरांची जुनी अढीही होती. ३८१ च्या सभेने मानाच्या क्रमात नव्या राजधानीला रोमच्या खालोखाल स्थान दिले, तेव्हा अलेक्झांड्रियाचे प्राचीन पीठ मागे पडले. सिरिलचा चुलता थिओफिलस याने ४०३ मध्ये राजधानीचा धर्माध्यक्ष जॉन क्रिसोस्टम याला पदच्युत करविले होते. पुतण्याच्या हाती आता तसेच निमित्त आले. रोमच्या पोप सेलेस्टिनने ४३० मध्ये सिरिलचा पक्ष घेतला. सम्राटाने निवाड्यासाठी पुढच्या वर्षी एफिसस येथे धर्मसभा बोलाविली.

नेस्टोरियसचा मित्र, अँटिऑकचा धर्माध्यक्ष जॉन, याला लांबच्या प्रवासात उशीर झाला. त्याची वाट पाहा, असे ६८ बिशपांनी लेखी सांगितले. सम्राटाचा प्रतिनिधी कँडिडियन यानेही हरकत घेतली. सिरिल थांबला नाही. २२ जून ४३१ रोजी मरीयेच्या नावाच्या चर्चमध्ये त्याने सभा भरविली. नेस्टोरियस आला नाही. एका दिवसात त्याच्या पदच्युतीचा ठराव झाला, त्यावर सुमारे २०० बिशपांच्या सह्या पडल्या, आणि रात्री नगरवासीयांनी मशाली पेटवून, धूप जाळून बिशपांना बिऱ्हाडी पोहोचविले. चार दिवसांनी जॉन आला. त्याने आपल्या चाळीसएक बिशपांची निराळी सभा भरवून सिरिललाच पदच्युत केले! गोंधळलेल्या सम्राटाने दोन्ही ठराव मान्य करून दोघांनाही नजरकैदेत ठेविले. सिरिल त्यातून निसटून अलेक्झांड्रियास परतला. दरबारातील वजनदार माणसांना त्याच्या पक्षाने पाठविलेल्या नजराण्यांची यादी आजही उपलब्ध आहे. तीत गालिचे आहेत, हस्तिदंती आसने आहेत, आणि सोने तर पौंडांनी मोजलेले आहे.

पुढचा प्रकार अधिक विचार करावयास लावणारा आहे. अवघ्या दोन वर्षांनी, ४३३ मध्ये, सिरिल आणि जॉन यांनी समेट केला. जॉनने 'देवमाता' हा शब्द स्वीकारला. सिरिलने ख्रिस्ताच्या ठायी दोन स्वभावांचा मिलाफ संकर न होता झाला, हे अँटिऑकचे म्हणणे मान्य केले. म्हणजे शब्द एकाचा राहिला आणि त्याचा खुलासा दुसऱ्याचा. हे आधी घडते तर? पण समेटाची किंमत म्हणून जॉनने मित्राचा निषेध मान्य केला होता. नेस्टोरियस ईजिप्तच्या वाळवंटात हद्दपार झाला आणि ४५० च्या सुमारास तेथेच वारला. हद्दपारीत लिहिलेल्या त्याच्या ग्रंथाचे सिरियाक भाषांतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडले व १९१० मध्ये छापले गेले. आपण ख्रिस्ताचे दोन तुकडे केले नाहीत, असे तो त्यात कळकळीने सांगतो. आणि नेस्टोरियसच्या नावाला शाप मिळाला तरी मिळो, देवाचे सत्य टिको, असेही म्हणतो.

या निकालाचा धक्का थेट हिंदुस्थानपर्यंत पोहोचला. इराणातील ख्रिस्ती लोक रोमन साम्राज्याबाहेरचे. एफिससला त्यांचा कोणी प्रतिनिधी नव्हता. त्यांनी अँटिऑकच्या आचार्यांची परंपरा जपली आणि मरीयेला 'ख्रिस्ताची माता' म्हटले. ४८९ मध्ये सम्राट झीनोने एडेसाचे विद्यापीठ बंद पाडले, तेव्हा त्या परंपरेची विद्या इराणच्या हद्दीतील निसिबिस येथे एकवटली. सहाव्या शतकातील कॉस्मस हा ग्रीक प्रवासी मलबारच्या ख्रिस्ती वस्तीबरोबर 'कल्लियाना' बंदराचाही उल्लेख करतो आणि तेथील बिशप इराणातून नेमला जातो, असे सांगतो. हे बंदर म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. मलबारच्या ख्रिस्ती लोकांचा हा संबंध पुढेही टिकला. १५९९ मध्ये गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस याने कोचीजवळच्या उदयंपेरूर येथे सभा भरविली, नेस्टोरियसचे नाव प्रार्थनांतून काढविले आणि त्याच्या मताचा वास येणारे सिरियाक ग्रंथ जाळण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा हुकूम काढला. मलबारातील पिढ्यानुपिढ्यांचे लेखन असे आगीत गेले. ज्या भांडणात मलबारच्या लोकांनी कधी तोंडही उघडले नव्हते, त्याचा दंड त्यांनी हजारावर वर्षांनी भरला.

अखेर ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेच्या असिरियन चर्चचे मुख्य धर्मगुरू मार दिन्खा चौथे यांनी रोममध्ये एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. एक चर्च मरीयेला 'देवमाता' म्हणते, दुसरे 'ख्रिस्ताची, आमच्या देवाची व तारकाची माता' म्हणते. श्रद्धा एकच असून दोन्ही प्रयोग योग्य आहेत, असा त्याचा आशय. दोन चर्च त्या दिवशी एक झाली नाहीत, परंतु शब्दामागचा अर्थ त्यांनी एकमेकांना विचारला.

१९९४ मध्ये सापडलेला अर्थ ४३३ च्या समेटाहून फारसा दूर नव्हता. एफिससला उणीव विद्वत्तेची नव्हती. ती मुबलक होती. चार दिवस थांबण्याचे सौजन्य तेवढे नव्हते. चार दिवस थांबल्याने सारा वाद मिटला असता, असा आमचा दावा नाही. दुसऱ्याचे ऐकून झालेला मतभेद मात्र पुढे बोलणे चालू ठेवतो. न ऐकता दिलेला निकाल ते बंद करतो.