निर्णायक मत

१९४६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी भारताचे कर्णधारपद विजय मर्चंट यांच्याऐवजी इफ्तिखार अली खान पतौडी यांच्याकडे गेले. २५ वर्षांनी, १९७१ मध्ये, निवड समितीचे अध्यक्ष मर्चंटच होते. त्यांच्या निर्णायक मताने इफ्तिखार यांच्या पुत्राऐवजी अजित वाडेकर कर्णधार झाले. अनेकांना त्यात जुना हिशेब दिसला. त्याच वर्षी वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही ठिकाणी भारताने १-० अशी मालिका जिंकली आणि हेतूची चर्चा मागे पडली. परंतु यशाने निर्णय योग्य ठरतो. हेतू शुद्ध ठरत नाही. वाडेकर हरले असते, तर त्याच मताला आपण सूड म्हटले असते. शेवट आधीच ठाऊक असणे, हाच इतिहासवाचकाचा मोठा पूर्वग्रह नव्हे काय?