संयोजी ऊतकांवरील हस्तोपचार
स्नायूंभोवतीच्या संयोजी ऊतकाच्या, म्हणजेच फॅशियाच्या, दुखण्यावर हातांनी करायचा उपचार. जर्मनीच्या एलिझाबेथ डिके यांना त्याची एक पद्धत १९२९ मध्ये स्वतःच्या आजारपणात सापडली. पुण्याजवळच्या देहूरोड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात यंत्रापुढे तासन्‌तास मान वाकवून उभे राहिलेल्यांच्या खांद्यात दुखरी गाठ हाताला लागते. तिच्यावर अंगठा स्थिर दाबून धरला की ठणका ओसरतो. मात्र त्या दाबाने फॅशिया सैल होतो, हे पटत नाही. मांडीच्या बाहेरच्या अंगाची फॅशियाची जाड पट्टीसुद्धा हाताच्या जोराला दाद देत नाही. आराम बहुधा मज्जासंस्थेमार्फत पडतो. मग उपचार व्यर्थ का? मुळीच नाही. ठणका उतरलेल्या त्या वेळात व्यायाम करवून घेता येतो, आणि तिथेच फिजिओथेरपिस्टचे शिक्षण कामी येते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीचा व्यवसाय नियमनाखाली आणला, हे योग्यच झाले.