बरगडीचा पट्टा किती आवळायचा? अडीच हजार वर्षांचा वाद

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा इतिहासाचा विषय आहे का? आज आपण बोलणार आहोत बरगडीच्या पट्ट्याबद्दल. मेडिकलमध्ये खोक्यात मिळतो तो, स्किन कलरचा, इलॅस्टिकचा, पुढे चर्रकन चिकटणारा. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. पण या पट्ट्यामागे जो वाद आहे तो जवळपास अडीच हजार वर्षं जुना आहे, आणि त्याचा निकाल आपल्या आजोबांच्या फुफ्फुसांशी जोडलेला आहे.

माझं गाव बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. आमच्याकडे बरगडीला मार लागायला कारणं भरपूर. कोणी बैलगाडीवरून पडतो, कोणी दुचाकीवरून, कोणाला बैल ढुशी देतो. आणि मार लागला की ओट्यावर बसलेला एखादा म्हातारा हमखास सांगतो, "घट्ट आवयला म्हणजे बरगडी लवकर जुयते." हे वाक्य बरोबर आहे का? आज एवढंच शोधायचं आहे.

आधी अडचण समजून घेऊ. हात मोडला तर प्लास्टर घालतात, हाड हलत नाही, जुळतं. प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी अँटोनियस मॅथायसेन या डच लष्करी सर्जनने १८५२ साली जगापुढे मांडली, आणि तेव्हापासून हाता-पायाचा प्रश्न बराचसा सुटला. पण बरगडीचं काय? माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा श्वास घेतो. गुणाकार करा: दिवसाला २१,६०० वेळा. म्हणजे मोडलेली बरगडी रात्री झोपेतसुद्धा हलत राहणार. तिला पूर्ण थांबवायचं तर श्वासच थांबवावा लागेल! पट्ट्याचा सगळा इतिहास या एका पेचाभोवती फिरतो: हालचाल कमी केली की दुखणं कमी होतं, पण हालचाल कमी म्हणजे श्वासही कमी.

हा पेच ग्रीक वैद्यांनाही माहीत होता. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांवरच्या ग्रंथात साध्या बरगडीच्या मोडीवर पट्टी बांधायला सांगितलंय, पण दाब सगळीकडे सारखा हवा. आणि गंमत म्हणजे, रुग्णाला उपाशी ठेवू नका, बेताचं खाऊ घाला, असंही म्हटलंय. कारण काय, तर पोट बेताचं भरलेलं असलं की बरगड्यांना आतून आधार मिळतो. रिकाम्या पोटी त्या लोंबकळतात आणि जास्त दुखतात. म्हणजे बाहेरच्या पट्ट्याला आतून पोटाची साथ!

आता आपल्याकडे या. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अठरावा अध्याय पट्ट्या बांधण्यावर आहे. त्यात पट्टीचे चौदा प्रकार दिलेत, आणि पाठ, पोट, छाती यांच्यासाठीच्या प्रकाराचं नाव आहे 'विबंध'. पट्टीसाठी काय काय वापरायचं याची यादीही आहे: कापूस, लोकर, रेशीम, कातडं, झाडाची आतली साल, बांबूच्या कामट्या. भग्नाच्या, म्हणजे हाडं मोडण्याच्या अध्यायात आधाराच्या फळ्यांसाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, बांबू, वड अशी झाडं येतात. ही यादी वाचताना मला यवतमाळचं जंगल आणि आमच्या शिवारातला कापूसच डोळ्यांपुढे आला.

पण खरी गोष्ट पुढे आहे. सुश्रुत बांधण्याचे तीन दर्जे सांगतो: गाढ, सम आणि शिथिल. गाढ म्हणजे आवळून, पण दुखणार नाही असं. शिथिल म्हणजे हवा खेळेल असं. सम म्हणजे दोन्हींच्या मधलं. कुठल्या अवयवाला कोणता दर्जा, याचीही वाटणी केली आहे. मांड्या आणि डोक्याला गाढ. डोळे आणि सांध्यांना शिथिल. आणि छाती? छाती, पाठ, पोट आणि कुशी हे सगळे 'सम' गटात! जो ग्रंथ मांडी आवळून बांधायला सांगतो, तोच छातीला मात्र मध्यम बांधा म्हणतो. फार सैल बांधलं तर आधार मिळत नाही, फार आवळलं तर सूज आणि वेदना वाढतात, हेही त्याच ग्रंथात आहे. ओट्यावरच्या म्हाताऱ्याचं वाक्य आपल्याच परंपरेत बसत नाही, बघा.

अजून एक नियम मला फार आवडला. पट्टी किती दिवसांनी बदलायची? थंडीत सात दिवसांनी, मध्यम हवेत पाच, आणि उन्हाळ्यात तीन. विदर्भाच्या मे महिन्यात ज्याने छातीवर इलॅस्टिक घातलंय, त्याला हा नियम समजावून सांगायची गरज नाही. घाम, पुरळ, खाज! मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली सुश्रुतसंहिता विसाव्या शतकात छापून निघाली, त्यामुळे हे सगळं आज वाचनालयात बसून वाचता येतं.

मग आवळण्याची सवय आली कुठून? गावोगावच्या हाडवैद्यांची पद्धत वेगवेगळी होती, त्यामुळे सगळा दोष त्यांच्यावर टाकता येणार नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत एक पद्धत रूढ झाली होती. रुग्णाला श्वास सोडायला सांगायचं, आणि छाती लहान झाली की त्याच क्षणी चिकटपट्ट्या एकावर एक चढवत, कण्यापासून पुढच्या हाडापर्यंत अर्धी छाती बांधून टाकायची. विचार करा, सगळ्यात लहान मापावर छातीला कुलूप! दुखणं कमी व्हायचं, पण पट्टी काढताना केस आणि कातडीही निघायची.

यावर उपाय म्हणून काढता-घालता येणारा पट्टा आला. त्यामागे दोन शोध आहेत. १८२० मध्ये इंग्लंडच्या थॉमस हॅनकॉकने कपड्यांच्या इलॅस्टिक बंदांचं पेटंट घेतलं. आणि विसाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्रालने कुत्र्याच्या अंगाला चिकटलेले गोखरूसारखे काटे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यावरून वेल्क्रो बनवलं. कापसाच्या शेतातून फिरून आल्यावर पँटीला चिकटतात ना, तसेच काटे. आपण ते झटकून टाकतो, त्याने त्यातून व्यवसाय उभा केला! पट्टा सोपा झाला, स्वस्त झाला, आणि आवळणं प्रत्येकाच्या हातात आलं.

नेमकं याच काळात डॉक्टरांचं मत उलटं फिरू लागलं. १९५६ मध्ये अमेरिकेत एव्हरी, मर्च आणि बेन्सन यांनी छातीचा अख्खा भाग खिळखिळा झालेल्या रुग्णांना बाहेरून बांधण्याऐवजी यंत्राने आतून हवेचा आधार द्यायचा मार्ग दाखवला. हळूहळू लक्ष हाडावरून फुफ्फुसाकडे गेलं. साधी बरगडी साधारण सहा आठवड्यांत आपोआप जुळते. माणूस धोक्यात येतो तो दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो तेव्हा. २००० साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात ६५ आणि त्याहून जास्त वयाच्या रुग्णांत मोडलेल्या प्रत्येक जादा बरगडीमागे न्यूमोनियाचा धोका २७ टक्क्यांनी आणि मृत्यूचा १९ टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणून आज भर असतो तो पुरेशी वेदनाशामकं, खोल श्वास, खोकला आणि हिंडणं-फिरणं यांवर. दवाखान्यात तीन चेंडूंचं ओढायचं यंत्र देतात ते त्याचसाठी.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतले एक काका दुचाकीवरून पडले. वय सत्तरच्या आसपास. एका दुकानात पट्टा घ्यायला गेलेल्या पोराला विचारलं गेलं, "पँट कोणत्या नंबरची घालतात?" त्या मापाचा पट्टा आला, घरच्यांनी जोर लावून बसवला, आणि काका रात्रंदिवस तो घालून खाटेवर पडून राहिले. पाचव्या दिवशी ताप आला, धाप लागली, यवतमाळला न्यावं लागलं. ते बरे झाले. पण मोडली होती फक्त एक बरगडी.

म्हणून माप कसं घ्यायचं ते सांगूनच टाकतो. पहिलं, पट्टा लागतो का, हे डॉक्टरला ठरवू द्या. छातीच्या किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर खोकताना आधार म्हणून तो देतात, बरगडीसाठी मात्र आता क्वचित आणि थोडे दिवसच. दुसरं, माप छातीचं घ्या, कमरेचं नाही. टेप बरगड्यांवरून, पुरुषांना स्तनाग्रांच्या जरा खाली आणि बायकांना स्तनांच्या खालून, आडवा सरळ फिरवा. पेशंट उभा किंवा बसलेला, श्वास नेहमीसारखा. पोट आत ओढायचं नाही, श्वास सोडून धरायचाही नाही. तिसरं, आकडा त्याच कंपनीच्या तक्त्यात बघा. एकाचा 'मीडियम' दुसऱ्याचा 'लार्ज' असतो. दोन मापांच्या मध्ये आलात तर मोठा घ्या, कारण मोठा थोडा आवळता येतो, लहान सैल करता येत नाही. चौथं, आत पातळ सुती बनियन घाला. बांधल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत आणि खोल श्वास घेताना तो अडता कामा नये. पाचवं, जागेपणी दर तासाला सोडा, दहा खोल श्वास घ्या, दुखऱ्या जागेवर उशी धरून खोका. झोपताना काढून ठेवा, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. आणि धाप, ताप, थुंकीत रक्त, निळसर ओठ, यातलं काहीही दिसलं तर पट्ट्याचं माप बघत बसू नका, गाडी काढा.

गंमत बघा, हे 'दोन बोटं जातील असं' म्हणजे सुश्रुताचं 'सम'च झालं की! मधल्या काळात आपण ते विसरलो, चिकटपट्ट्यांनी कुलूपं लावली आणि फिरून तिथेच आलो.

तेव्हा पुढच्या वेळी ओट्यावरून कोणी "घट्ट आवय" म्हणालं, तर भांडू नका. एवढंच विचारा, "बाबा, श्वास घ्याले जागा ठेवली का?" हा भाग घरातल्या मोठ्यांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!