'निकाह' सिनेमा पुरावा म्हणून वापरायचा तर...

'निकाह' तुम्ही टीव्हीवर कधीतरी पाहिला असेल. 1982 चा, बी. आर. चोप्रांचा. वसीम रागाच्या भरात नीलोफरला तीनदा 'तलाक' म्हणतो आणि संसार संपतो. मी एम.एस्सी. करून इतिहासाकडे वळल्यामुळे सवयीने पहिला प्रश्न हाच पडतो: हे साधन नेमकं काय मोजतंय?

कॅमेऱ्याला एक क्षण लागतो. त्यामुळे सगळा कायदा त्या तीन शब्दांत कोंबला जातो. बायकोलाही कोर्टात जाऊन विवाहविच्छेद मागता येतो, तसा कायदा 1939 पासून आहे. पण कोर्टाच्या खेपा पडद्यावर कंटाळवाण्या वाटतात, मग त्या गळतात.

आता शेजारी दुसरी नोंद ठेवा. 18 एप्रिल 1966. हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. फक्त सात! पण बघा, शेवटी नीलोफर दोन नवऱ्यांना जाब विचारते, आणि या सातजणी सरकारला विचारत होत्या. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सिनेमा कायद्याचा प्रश्न घरातच ठेवतो. आणि मोर्चा सिनेमाच्या 16 वर्षं आधीचा आहे, म्हणजे 'तेव्हा बायका बोलतच नव्हत्या' हे वाक्य प्रबंधात लिहू नका.

तिसरी नोंद औरंगाबादची. 2002 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तिथल्या पूर्णपीठाने दगडू पठाण विरुद्ध रहीमबी पठाण खटल्यात सांगितलं की, 'मी तलाक दिलाय' एवढं म्हणून भागत नाही. कारण, समेटाचा प्रयत्न, सगळं नवऱ्याने सिद्ध करावं लागेल. सर्वोच्च न्यायालयाचा शायराबानो निकाल 2017 चा, म्हणजे 15 वर्षांनंतरचा. वसीमची केस या पीठासमोर टिकली नसती.

म्हणून सिनेमा टाकून द्यायचा का? अजिबात नाही. प्रेक्षकांना कायदा कसा 'वाटत' होता, याचा तो चांगला पुरावा आहे. कायदा काय होता, याचा नाही. गाईडसमोर बसायच्या आधी हे दोन रकाने वेगळे करा.

जाता जाता: वाशीहून लोकलने सीएसएमटीला गेलात तर पुढे कुलाब्यापर्यंत चालत जा. 1966 मध्ये विधिमंडळ जिथे भरायचं तिथे आता राज्य पोलीस मुख्यालय आहे. समोरच रीगल सिनेमा.