‘ऑपरेशन’ या शब्दाच्या पुढे

घाटनांदूरच्या परिसरात ‘तिचं ऑपरेशन झालंय’ असे कोणी म्हटले, की कशाचे, हे विचारावे लागत नाही. अपेंडिक्सचे किंवा मोतीबिंदूचे असेल तर तसे सांगावे लागते. नुसते ‘ऑपरेशन’ म्हणजे कुटुंबनियोजनाचे, आणि तेही बाईचेच. अर्थसंकोचाचे उदाहरण म्हणून भाषाविज्ञानाच्या तासाला हा शब्द द्यायला हरकत नाही.

या संकोचामागे इतिहास आहे. १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. आणीबाणीत शस्त्रक्रिया झाल्या त्या बहुतांशी पुरुषांवर. त्या रोषानंतर पुरुष हळूच बाजूला झाले आणि उद्दिष्टांचा सगळा भार बायकांवर आला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने शिबिरेही सोपी केली. ‘दोन लेकरं झाली, आता ऑपरेशन’ या वाक्यात एक गृहीत दडलेले होते: झालेली लेकरे जगणार.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर किल्लारी परिसरात हे गृहीत कोसळले. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. घाटनांदूर बीड जिल्ह्यातले, अंबाजोगाई तालुक्यातले. पण लातूरची हद्द जवळ असल्याने ती बातमी इथे परक्या मुलखाची नव्हती. वाचलेल्यांत अशाही स्त्रिया होत्या, ज्यांची मुले गेली आणि ज्यांचे ‘ऑपरेशन’ आधीच झाले होते. त्यांच्यापैकी काहींच्या गर्भनलिका पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या.

ही जोडणी म्हणजे गाठ सोडणे नव्हे. नळीचा बंद भाग कापून टाकायचा आणि उरलेली दोन तोंडे सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने शिवायची. नळीवर कडे बसवले असेल तर नुकसान थोडे; तुकडाच कापून काढला असेल तर हाताशी कमी उरते. नळी किती उरली आणि बाईचे वय किती, यावर यश अवलंबून. गर्भ नळीतच रुजण्याचा धोका वेगळा. बंद करणे शिबिरात मिनिटांचे काम. जोडायला मोठे रुग्णालय, तासांचा वेळ, कसलेला हात. उद्दिष्टाचा तक्ता पहिल्या कामासाठी आखला गेला, दुसऱ्यासाठी नाही.

आम्हाला अधिक अस्वस्थ करतो तो निर्णयाचा प्रश्न. मुले गेलेल्या बाईला पुन्हा आई व्हायचे होते की व्हावे लागत होते? घराण्याला वारस हवा, नवरा दुसरी करील ही धास्ती, आणि तिचे स्वतःचे न आटलेले दूध, यांतले कशाला तिची इच्छा म्हणायचे? मदतकार्याच्या कागदावर शस्त्रक्रियेची नोंद होते. या प्रश्नाला तिथे रकाना नसतो.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडू सरकारने अशा शस्त्रक्रियेसाठी २५,००० रुपयांपर्यंत साहाय्य जाहीर केले. म्हणजे जोडणी शासनाच्या भाषेत आली ती आपत्तीच्या दाराने. सापाने, तापाने, विहिरीने एकेक लेकरू नेले, तर त्याला आपत्ती म्हणत नाहीत.

आणि बीडमध्ये पुढे दुसराच शब्द रूढ झाला: ‘पिशवी काढली’. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली; त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. तिथे जोडायला काही उरतच नाही.