बाहेर पडण्याचा हक्क, आत येण्याची परवानगी

डोळखांबसारख्या गावात परदेशप्रवासाच्या नियमांवर व्याख्यान कशाला, असं काहींनी विचारलं. पण आता इथूनही घरटी कोणी ना कोणी बाहेर जातं. कोणी नोकरीला, कोणी मुलाकडे, कोणी चार दिवस फिरायला. आमचंच सांगतो, म्हणजे विषयाला तोंड फुटेल.

दोनेक वर्षांपूर्वी आमचं सगळं कुटुंब श्रीलंकेला निघालं होतं. मुलगा, सून, नऊ वर्षांचा नातू आणि आम्ही दोघं म्हातारे. कागदपत्रांची फाईल आमच्याकडे, कारण आम्ही घरातले 'अभ्यासू'. मुंबईच्या विमानतळावर, बॅगा वजनकाट्यावर ठेवल्यावर काउंटरवरच्या मुलीनं नातवाचा पासपोर्ट दोनदा उलटून पाहिला. म्हणाली, "सर, याची मुदत चारच महिने उरलीय. तिकडे सहा महिने लागतात." मोठ्यांचे पासपोर्ट दहा वर्षांचे, पण पंधरा वर्षांखालच्या मुलाचा पाच वर्षांचाच असतो, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. चूक आमची, म्हणून नातवाला घेऊन आम्हीच मागे फिरलो. बाकीची मंडळी गेली. आटगावच्या पुढे येईपर्यंत पोरगं गप्प होतं. मग म्हणालं, "आजोबा, माझं काय चुकलं?"

तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेला, पण या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही. त्याचं मन रमावं म्हणून त्या आठवड्यात माळशेजमार्गे गाडीनं त्याला नाणेघाटाच्या माथ्यावर नेलं. मुरबाडच्या बाजूनं चढणारी ही सातवाहनकाळातली वाट. सोपारा-कल्याणचा माल याच वाटेनं जुन्नरकडे जायचा. वर तो दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं लोक सांगतात. नातवानं विचारलं, "यात पैसे टाकले की जाऊ द्यायचे? नाव नाही विचारायचे?"

बघा, पोरानं नेमका मुद्दा पकडला. दारावर तीन गोष्टी मागितल्या जातात: पैसा, ओळख आणि परवानगी. या तिन्ही वेगळ्या आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'मुद्राध्यक्ष' नावाचा अधिकारी आहे. एक माषक घेऊन तो प्रवाशाला मुद्रा द्यायचा. मुद्रा असेल तरच जनपदात शिरता किंवा बाहेर पडता येई, नाहीतर तिथल्याच रहिवाशालाही बारा पण दंड. मुद्रा म्हणजे शिक्का, आणि मुद्रा म्हणजे अंगठीही. मारुतीनं सीतामाईला रामाची मुद्रिका दाखवली ती ओळख पटावी म्हणून. लंकेत शिरण्याची परवानगी त्या अंगठीनं मिळाली नव्हती. आजच्या भाषेत सांगायचं तर पासपोर्ट ही मुद्रिका. 'हा आमचा माणूस' असं आपलं सरकार त्यात सांगतं. व्हिसा ही यजमानाची परवानगी. पासपोर्ट हातात आला म्हणजे काम झालं, असं आपण धरून चालतो, तिथं आपण या दोन गोष्टींची गल्लत करतो.

आता आपल्याच जिल्ह्यातली एक मुलगी पाहू. कल्याणच्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ला कलकत्त्याहून जहाजात बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. वय अठरा. तेव्हा अशा प्रवासाला पासपोर्टची सक्ती नव्हती. मग अडवणूक नव्हती का? होती, पण ती बंदरावर नव्हती, घराच्या उंबरठ्यावर होती. समुद्र ओलांडला की जात जाते, असं सांगणारा समाज तिथं उभा होता. म्हणून २४ फेब्रुवारी १८८३ला त्यांना श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत आपण अमेरिकेला का जातो हे सांगावं लागलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, अशी ग्वाही द्यावी लागली. त्यांचा व्हिसा समाजाकडे होता म्हणा ना.

पस्तीस वर्षांनी दारावरचा माणूस बदलला. पहिल्या महायुद्धात सरकारनं पासपोर्ट सक्तीचा केला. १९१८च्या वसंतात लोकमान्य टिळक होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन विलायतेला निघाले. पासपोर्ट मिळाले होते. मंडळी कोलंबोपर्यंत पोचली आणि तिथं पासपोर्ट रद्द झाल्याचं कळलं. सगळे परत. पुढे त्याच वर्षी चिरोलवरच्या खटल्यासाठी टिळकांना जाऊ दिलं. म्हणजे जाणं हा हक्क नव्हता, सरकारची मर्जी होती. आमच्या नातवाला आम्ही हे सांगितलं तेव्हा तो खूश झाला: "म्हणजे टिळकांनाही श्रीलंकेवरनं परत यावं लागलं!" आम्ही म्हटलं, बाळा, फरक आहे. त्यांना मर्जीनं अडवलं, तुला आजोबांच्या आळसानं.

ही मर्जी स्वातंत्र्यानंतरही वीस वर्षं चालली. एप्रिल १९६७मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की परदेशी जाणं हा घटनेच्या कलम २१मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. मग त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. मानवी हक्कांच्या १९४८च्या जाहीरनाम्यातलं तेरावं कलमही हेच म्हणतं: कोणताही देश सोडण्याचा आणि आपल्या देशात परतण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण नीट वाचा. दुसऱ्याच्या देशात शिरण्याचा हक्क त्यात कुठंही नाही. बाहेर पडणं आपला हक्क, आत घेणं त्यांची मर्जी. आनंदीबाईंना नडली ती घरची मर्जी, टिळकांना सरकारची. ती भांडून मोडता आली. यजमानाची मर्जी मात्र भांडून मिळत नाही, आधी विचारूनच घ्यावी लागते.

आणि ती सांभाळायला आज विमान कंपनीचा माणूस उभा असतो. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो. आपल्याकडेही २०००पासून तसा कायदा होता. तो आणि १९२०चा पासपोर्ट कायदा, दोन्ही आता २०२५च्या नव्या कायद्यात विलीन झाले. म्हणून त्या मुलीशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. दार तिचं नव्हतंच.

तर मंडळी, तिकीट काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून बघा, लहानांचा आधी. परतीच्या तारखेनंतर सहा महिने उरतात का? पानं कोरी आहेत का? लग्नाआधीचं नाव पासपोर्टवर आणि नंतरचं तिकिटावर, असं सुनेचं झालं नाही ना? वाटेत विमान बदलायचं असेल तर त्या देशाचा नियमही बघा. आफ्रिकेतल्या पीतज्वराचा धोका असलेल्या देशात जाणार असाल तर त्याची लस निदान दहा दिवस आधी घ्या, परत येताना आपलं सरकारच तो दाखला मागतं. नवा पासपोर्ट केला तर नंबर बदलतो, आधी काढलेली ऑनलाइन परवानगी पुन्हा काढा. आणि हे सगळं त्या देशाच्या दूतावासाच्या माहितीवरून पडताळा, शेजाऱ्याच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावरून नव्हे. नियम बदलतात. निघण्याआधी आठवडाभर पुन्हा एकदा बघा.

पुढच्या वर्षी नातवाला घेऊन गेलो. या वेळी फाईल त्याच्याकडे होती. कोलंबोला शिक्का बसल्यावर त्यानं तारीख वाचली, पासपोर्ट मिटला आणि आमचाही मागून घेतला. म्हणाला, "आजोबा, तुमचा मीच ठेवतो."